पोर्टची टेप कुठून लावायची?

आषाढात सुतार जरा मोकळा असतो आणि गणपतीला चाकरमानी यायच्या आत पेटी वाजायला हवी असते. त्यामुळे सबवूफरच्या पेट्यांचे प्रश्न या दिवसांत एकदम येतात. या वेळची बहुतेक पत्रं पोर्टच्या, म्हणजे पेटीतली हवा ज्यातून ये-जा करते त्या पाइपच्या किंवा फटीच्या, लांबीभोवती फिरतात, म्हणून तेवढीच घेतली आहेत. पेटीतली आणि पोर्टमधली हवा मिळून ज्या सुराला घुमते, तो हर्ट्झमधला आकडा म्हणजे पेटीचं ट्यूनिंग.

प्रश्न : हॉलसाठी १० इंची सबची पेटी करतो आहे. आतलं निव्वळ माप ६० लिटर आणि ट्यूनिंग ३५ हर्ट्झ धरलंय. ४ इंची पीव्हीसी पाइप वापरणार आहे. लांबी पुढच्या फळीच्या आतल्या बाजूपासून मोजायची की बाहेरच्या? पेटी आतून ३० सेमी खोल आहे आणि पाइप मागच्या भिंतीला टेकायला येतो, ते चालेल का? — एक वाचक, मालवण

बाहेरच्या बाजूपासून. हवा ज्या बोगद्यातून ये-जा करते तो अख्खा बोगदा पोर्टमध्ये धरायचा. फळीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून पाइपच्या आतल्या तोंडापर्यंत टेप लावा. पाइप भोकातून आरपार घाला किंवा फळीच्या मागे चिकटवा, प्लायचे १८ मिमी दोन्ही वेळा लांबीत येतात. पुष्कळ जण २७ सेमीचा पाइप कापून फळीच्या मागे बसवतात आणि पोर्ट प्रत्यक्षात २८.८ सेमीचा होतो.

आता हिशेब. पेटीतली हवा ही स्प्रिंग आणि पोर्टमधली हवा हे त्या स्प्रिंगला लावलेलं वजन, असं समजा. आतल्या व्यासाचा वर्ग करा (व्यास सेमीमध्ये) आणि त्याला २३,५६२ ने गुणा. आलेल्या आकड्याला ‘ट्यूनिंगचा वर्ग गुणिले लिटर’ याने भागा. येतं त्यातून व्यासाच्या ०.७३२ पट वजा करा. हे वजा करायचं कारण असं की पोर्टमधला हवेचा दट्ट्या पाइपच्या दोन्ही तोंडांबाहेर थोडा डोकावतो, म्हणून पाइप आहे त्याहून लांब असल्यासारखा वागतो. ०.७३२ हा आकडा एक तोंड फळीशी सपाट आणि दुसरं पेटीत मोकळं असेल तेव्हाचा. तुमचं तसंच आहे. ही वजाबाकी सूत्रात एकदा झाली की टेप लावताना पुन्हा काही मिळवायचं नाही आणि वजाही करायचं नाही.

पत्रातला ‘४ इंची’ हा शब्द मात्र घात करणारा आहे. दुकानात ४ इंची म्हणून मिळतो तो ११० मिमी पाइप, आणि ११० हे बाहेरचं माप. भिंत किती जाड आहे त्यावर आतला व्यास साधारण १०३ ते १०६ मिमी पडतो. पाइप हातात आल्यावर आतून मोजा, तेही दोन दिशांनी, कारण उन्हात आडवा पडलेला पाइप थोडा चपटा होतो. १०.४ सेमी भरला असं धरू. १०.४ चा वर्ग १०८.१६. गुणाकार, भागाकार करून ३४.७ येतात, त्यातून ७.६ वजा जाऊन लांबी २७.१ सेमी. बाहेरचे ११ सेमी घालून हाच हिशेब केला असता तर ३०.७ आली असती आणि पेटी ३३.३ हर्ट्झला बसली असती.

२७.१ सेमी आले म्हणून नेमका तेवढाच कापू नका, ३० ठेवा. पाइप २ सेमीने आखूड झाला की ट्यूनिंग साधारण १ हर्ट्झ वर जातं. कापून कमी करता येतं, जोडून वाढवायचा खटाटोप मात्र कुणी करत नाही.

आतलं तोंड आणि समोरची भिंत यांत निदान एक व्यास, म्हणजे तुमच्या बाबतीत १० सेमी, मोकळे हवेत. तुमच्याकडे ५ सेमीसुद्धा उरत नाहीत. हवा अडते, ट्यूनिंग हिशेबाखाली सरकतं आणि मोठ्या आवाजाला फसफस होते. एल्बो (पाइप वळवणारा जोड) लावा. एल्बोत लांबी मध्यरेषेवरून मोजतात, पण तिथे टेप वळत नाही, म्हणून सुतळी घ्या. एकदा बाहेरच्या मोठ्या वळणावरून आणि एकदा आतल्या छोट्या वळणावरून ती लावून दोन्ही मापांची सरासरी काढा, तीच मध्यरेषा. पाइपचा जो भाग एल्बोच्या सॉकेटमध्ये शिरतो तो दोनदा मोजला जात नाही ना, हेही बघा. एका सॉकेटमागे सहज ४-५ सेमीची चूक होते.

प्रश्न : १२ इंची सबसाठी फटीचा पोर्ट (स्लॉट) करतोय. निव्वळ ५५ लिटर, ३४ हर्ट्झ. फट ५ सेमी रुंद, ३४ सेमी उंच. ती बाजूच्या भिंतीलगत मागे जाऊन काटकोनात वळते. सुतार म्हणतो बाहेरच्या भिंतीवरून माप घ्यायचं, मित्र म्हणतो मधून. कोणाचं ऐकू? — एक वाचक, देवगड

मित्राचं. पण सुताराच्या मापाने नेमकं किती बिघडतं तेही बघू, म्हणजे भांडण मिटेल.

चौकोनी फटीला क्षेत्रफळावरून हिशेब सोपा पडतो. ३०,००० गुणिले क्षेत्रफळ, भागिले (ट्यूनिंगचा वर्ग गुणिले लिटर). क्षेत्रफळ ५ गुणिले ३४ म्हणजे १७० चौसेमी. उत्तर ८०.२ सेमी. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोल पाइपचा व्यास १४.७ सेमी असता, त्याच्या ०.७३२ पट म्हणजे १०.८ वजा करा. मध्यरेषेची लांबी राहते ६९.४ सेमी.

आता पेटीत उतरू. आतली खोली ३५ सेमी आणि प्लाय १.८ सेमी धरतो. पहिली उभी फळी पुढच्या फळीपासून मागे ३० सेमी जाते, कारण मागच्या भिंतीशी पुन्हा ५ सेमीचीच फट सोडायची आहे. मध्यरेषेचा पहिला तुकडा बाहेरच्या पृष्ठभागापासून कोपऱ्याच्या मध्यापर्यंत : १.८ अधिक ३२.५, म्हणजे ३४.३. तिथून वळून दुसऱ्या फळीच्या टोकापर्यंत आणखी ३५.१ हवेत. त्यातले ४.३ सेमी कोपऱ्यातली निम्मी फट आणि पहिल्या फळीची जाडी यांतच भरतात. उरलेली ३०.८ सेमी ही दुसऱ्या फळीची लांबी.

हाच पोर्ट बाहेरच्या भिंतीवरून मोजला तर ७४.४ भरतो, आतल्या कोपऱ्यावरून ६४.४. एका वळणामागे फटीच्या रुंदीइतका फरक, एकीकडे अधिक तर दुसरीकडे उणा. सुताराने बाहेरून ६९.४ मोजून फळी कापली तर खरी लांबी ५ सेमीने कमी पडेल आणि ट्यूनिंग ३४ ऐवजी ३५ च्या आसपास जाईल. एवढ्यासाठी सुताराशी वाकडं घेऊ नका. दोन वळणं असतील तर मात्र घ्या.

फटीच्या पोर्टची दुसरी एक खोड आहे. त्याचं आतलं तोंड तळ, छत आणि मागची भिंत यांना चिकटलेलं असतं. बाहेर पडलेली हवा लगेच पसरू शकत नाही, म्हणून असा पोर्ट कागदावरच्यापेक्षा लांब वागतो आणि ट्यूनिंग हिशेबाच्या १-२ हर्ट्झ खाली बसतं. गाडीच्या पेट्या करणारे यासाठी फटीची निम्मी रुंदी लांबीत आधीच धरून चालतात. तुम्ही दुसरी फळी ३०.८ ऐवजी २८ सेमीची चिकटवा. पाइप लांब ठेवून कापत यायचं असतं, इथे उलट करा, कारण फेविकॉलने बसलेली फळी नंतर कापता येत नाही. ट्यूनिंग वर राहिलं तर वूफरच्या भोकातून ३-४ सेमीची उभी पट्टी तिरकी करून आत घाला आणि दोन छोट्या अँगलनी फळीच्या टोकाला जोडा. फट सगळीकडे ५ सेमीच राहतेय ना, हे गुण्या (सुताराचा काटकोन) लावून बघा. मागे ५ आणि तोंडाशी ४.५ अशी पेटी सर्रास दिसते.

प्रश्न : कंपनीच्या कागदावर ५५ लिटर, ३४ हर्ट्झ असं होतं. पेटी आतून मोजून बरोबर ५५ लिटरची केली. फट ५ बाय ३४, लांबी मध्यरेषेवरून ६९ सेमी. तरी एकाच सुरावर गडगडते आणि खालचा बास येतच नाही. आवाज वाढवला की वूफर खडखडतो. पोर्ट परत किती लांब करू? — एक वाचक, चिपळूण

पोर्ट बरोबर आहे, पेटी लहान झाली आहे. कागदावरचे ५५ लिटर म्हणजे सगळं सामान आत गेल्यावर उरलेली हवा. तुमच्या पेटीत काय काय गेलं ते मोजू. पोर्टमधली हवा पेटीची धरायची नसते, ती गेली ११.५ लिटर. पोर्टच्या दोन फळ्या ३.७. बारा इंची वूफरचं मागचं अंग अडीच. आधाराच्या पट्ट्या पाऊण-एक लिटर. उरले साधारण साडेछत्तीस. तेवढ्या हवेवर हाच पोर्ट ४२ हर्ट्झच्या जवळ बसतो.

म्हणून गडगड ४२ च्या आसपास ऐकू येते. त्याखाली वूफर पेटीत असून नसल्यासारखा होतो, कारण पोर्टमधून हवा नुसती आत-बाहेर होते आणि कोनला आधार उरत नाही. खडखड त्याचीच आहे, कॉइल मागच्या लोखंडावर आपटते. अशी पेटी मोठ्याने वाजवू नका.

टेपने ५ सेमीची चूक केली तर १ हर्ट्झ जातो, लिटर चुकले तर ८ जातात. म्हणून पोर्टची लांबी हा हिशेबातला शेवटचा आकडा ठेवायचा. आधी निव्वळ लिटर, मग पोर्टचं क्षेत्रफळ, मग लांबी. त्या लांबीवरून पोर्टची हवा आणि लाकूड काढा, ते वूफर आणि पट्ट्यांच्या जागेसकट निव्वळ लिटरमध्ये मिळवा आणि तेव्हा पेटीचं माप सुताराला द्या. तुमच्या सबला आतून ५५ ऐवजी ७३.५ लिटरची पेटी हवी होती. देवगडच्या पेटीसारखी उंची ३४ आणि खोली ३५ ठेवली तर रुंदी जवळजवळ ६२ सेमी.

नवी पेटी करायची नसेल तर पोर्ट लांबवू नका, प्रत्येक वाढीव सेमी उरलेली हवा आणखी खाईल. फट अरुंद करा. बाहेरच्या बाजूला, आधी बाजूच्या आणि मग मागच्या भिंतीला, आतून १२ मिमी प्लाय लावला की फट ५ ची ३.८ होते आणि ट्यूनिंग सुमारे ३७ वर येतं. क्षेत्रफळ १२९ चौसेमी राहतं. दर लिटरला पावणेतीन ते साडेतीन चौसेमी हा गाडीतल्या पेट्यांचा नेहमीचा अंदाज, त्यात ते बसतं. बाजूचा तुकडा पोर्टच्या तोंडातून सरळ आत सरकेल. मागचा अख्खा जाणार नाही. वूफर काढून त्याच्या भोकातून ८ सेमी रुंदीच्या उभ्या पट्ट्या एकेक आत न्या आणि पेटीच्या मागून स्क्रू मारून बसवा. मग अँप्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) २८ ते ३० हर्ट्झवर ठेवा. तो नसलेल्या अँपवर पोर्टची पेटी वाजवणं म्हणजे ब्रेक नसलेली गाडी घाटात घालणं.

प्रश्न : ४ इंची एका पाइपातून मोठ्या आवाजात फुसफुस येते. शेजारी तसाच, तेवढ्याच लांबीचा दुसरा पाइप लावला तर? — एक वाचक, रत्नागिरी

फुसफुस थांबेल आणि ट्यूनिंग बिघडेल. त्याच पेटीत क्षेत्रफळ दुप्पट झालं की ट्यूनिंग १.४१ पट होतं. मालवणच्या ६० लिटरच्या पेटीवर बोलायचं तर ३५ चं ४९.५ होतं. ३५ टिकवायचं तर दोन्हीपैकी प्रत्येक पाइप सुमारे ६२ सेमीचा हवा. लांबी दोघांत वाटून घ्यायची नसते, ही चूक वारंवार दिसते. ७५ मिमीचे दोन पाइप (आतून ७ सेमी) लावलेत तर प्रत्येकी २६ सेमी पुरतात, पण एकूण क्षेत्रफळ एका ४ इंचीपेक्षाही कमी, म्हणजे फुसफुस तशीच.

आधी कड बघा. करवतीने कापलेली धारदार कड हवा फाडते. बाहेरच्या तोंडाची फळी १०-१२ मिमी गोल करा, आतल्या टोकाला एम-सीलची गोलाई द्या आणि घासकागद फिरवा. पोर्टमधल्या हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत असला तर सहसा ऐकू येत नाही. संगणकावरच्या पेटीच्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा दिसतो, लाकूड कापण्याआधी तो बघायचा.

प्रश्न : आमच्याकडे समुद्राची दमट हवा. त्यासाठी पोर्टची लांबी बदलावी का? — एक वाचक, गुहागर

नको. २१ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर आणि ३२ अंशांना सुमारे ३५१. म्हणजे ३५ ची पेटी उकाड्यात ३५.७ ला बसेल. दमटपणाचा परिणाम याहूनही कमी. दमट हवा पोर्टपेक्षा लाकडाला खाते. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) एका पावसाळ्यात कडेला फुगतं, सांधे उघडतात आणि पेटी गळते. बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. कापलेल्या सगळ्या कडांना, पोर्टच्या आतल्या भिंतींनाही, सीलरचे दोन हात द्या. स्क्रू स्टेनलेसचे, वूफरची कड फोमऐवजी रबराची.

प्रश्न : बनलेल्या पेटीचं खरं ट्यूनिंग महागड्या यंत्राशिवाय कसं कळेल? — एक वाचक, कुडाळ

मल्टिमीटर, १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर आणि मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप, एवढं पुरतं. मीटरबाबत एक अट. तो पिवळा स्वस्त मीटर इथे कामाचा नाही, त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असते आणि आपल्याला शतांश व्होल्ट वाचायचे आहेत. एसी २ व्होल्टची रेंज असलेला मीटर घ्या किंवा मागून आणा.

अँपच्या एका वायरमध्ये रेझिस्टर एकसरीत जोडा, मग सब. अँपवरचे बास बूस्ट, लो-पास (वरचे सूर गाळणारा), सबसॉनिक सगळं बंद. ५० हर्ट्झचा टोन लावून अँपच्या तोंडाशी ५ व्होल्ट येतील एवढाच आवाज ठेवा आणि नंतर त्या नॉबला हात लावू नका. आता मीटर सबच्या दोन टर्मिनलवर. १५ हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ चढत ९० पर्यंत जा आणि वहीत लिहीत जा. आकडे चढतील, उतरतील, पुन्हा चढतील. ३५ च्या चांगल्या पेटीत असं काहीसं दिसतं : २३ ला १.१, ३० ला ०.३, ३४ ला ०.२०, ३५ ला ०.१९, ३६ ला ०.२०, आणि साठीच्या आसपास पुन्हा १.२. दोन डोंगरांमधली ही खिंड जिथे सगळ्यात खोल, तिथे पेटीचं खरं ट्यूनिंग.

खिंड उथळ आणि पसरट दिसली तर पेटी गळते आहे. हलक्या आवाजात १५ चा टोन लावा आणि पंखा बंद करून पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून, टर्मिनलच्या प्लेटभोवती, वूफरच्या कडेने फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे सिलिकॉन भरा.

मीटरच नसेल तर पेटी पाठीवर आडवी टाका, रेझिस्टर काढा आणि वूफरच्या मधल्या टोपीवर चार तांदूळ ठेवा. टोन हळूहळू वर नेताना तांदूळ नाचतील, एका जागी एकदम शांत होतील आणि पुढे पुन्हा नाचतील. ते शांत होतात तिथे ट्यूनिंग. एखाद-दुसरा हर्ट्झ इकडे-तिकडे होईल, पण ३५ च्या जागी ४२ झालं असेल तर तांदूळ तेवढं नक्की सांगतात.

प्रश्न : पोर्टमध्ये पाली आणि झुरळं शिरतात. जाळी लावली तर लांबी बदलेल का? — एक वाचक, दापोली

लांबी नाही, क्षेत्रफळ बदलतं. मच्छरांची बारीक जाळी हवा अडवते आणि शिट्टीसारखा आवाज करते. मोठ्या भोकांची जाळी पाल थांबवत नाही. वापरात नसताना तोंडात स्पंजचा बोळा घालून ठेवा आणि त्याला लाल फडकं बांधा, म्हणजे वाजवण्याआधी काढायचं लक्षात राहील. बोळा तसाच राहिला तर ती बंद पेटी होते आणि खालचा बास नाहीसा होतो. ‘वूफर बिघडला’ म्हणून दुकानात आलेल्या काही पेट्यांना आजार एवढाच असतो. पावसाळ्यानंतर टॉर्च मारून आत बघा. कुंभारणीने मातीचं घर केलं असेल तर लाकडी पट्टीने खरवडा, पण आधी पोर्टचं तोंड खाली करून पेटी तिरकी धरा, नाहीतर माती आत जाऊन वूफरच्या मागे साचेल.